सुरू होते, पण टिकत नाही : वाहनविषयक प्रश्नोत्तरे

या महिन्याच्या टपालात एकाच तक्रारीची पाच पत्रे निघाली : पेट्रोल गाडीचे इंजिन सुरू होते, पण लगेच किंवा थोड्या वेळाने बंद पडते. तक्रारीचे शब्द जवळपास सारखे असले तरी पाचही गाड्यांतील दोष माझ्या मते वेगवेगळे आहेत, आणि ते कोणते असावेत याचा माग पत्रलेखकांनी सहज म्हणून लिहिलेल्या एखाद्या वाक्यातच सापडतो. म्हणून पत्रे फारशी न छाटता दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक असून ती ८८ हजार किलोमीटर चालली आहे. दिवाळीच्या आधी बॅटरी बसली म्हणून नवी घातली. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन लागते, तीन-चार सेकंद चालते, आरपीएमचा काटा खाली येत जातो आणि इंजिन बंद पडते. अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवला तर चालू राहते. रस्त्यावर गाडी उत्तम पळते, पिकअपही चांगला आहे. परंतु सिग्नलला पाय काढला, त्यातही एसी चालू असला, की हमखास बंद पडते. गॅरेजमध्ये चारही प्लग, एअर फिल्टर आणि शेवटी टाकीतील पेट्रोल पंप बदलला. चौदा हजार रुपये खर्च होऊनही फरक पडलेला नाही. आता ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गेला असे सांगतात. तो बदलावा का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ईसीएमला तूर्त हात लावू देऊ नये. आपल्या पत्रातील दोन वाक्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटतात : हलका पाय ठेवला की इंजिन चालू राहते, आणि हे सारे बॅटरी बदलल्यानंतर सुरू झाले. या दोन्हींचा एकत्र विचार केला तर संशय थेट थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या भागावर, जातो.

इंजिन सुरू होऊन बंद पडते याचा अर्थ हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी निदान काही क्षण तरी त्याला पुरेशा मिळतात. सेल्फ मारताना ईसीएम मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो आणि हवेची वाटही थोडी अधिक उघडी ठेवतो. इंजिन लागले की काही सेकंदांत ही सवलत हळूहळू काढून घेतली जाते आणि इंजिनाला स्वतःच्या जिवावर आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, गरम झाल्यावर साधारण ७०० ते ८५० आरपीएमला, उभे राहावे लागते. आपली गाडी नेमकी याच वळणावर अडखळते. पाय ठेवल्यावर थ्रॉटलची झडप किंचित उघडते, हवा वाढते, सेन्सरच्या मापाप्रमाणे पेट्रोलही वाढते आणि इंजिन सावरते. पंप कमजोर असता तर उलट घडले असते : आयडलिंगला जेमतेम पेट्रोल लागत असल्याने तिथे गाडी निभावून गेली असती आणि चढावर किंवा ओव्हरटेक करताना धक्के मारू लागली असती. आपण तर पिकअप चांगला असल्याचे लिहिता. त्यामुळे पंप बदलण्याचे कारण मला पत्रात कुठेही दिसत नाही.

आता बॅटरीचा संबंध. इंजिनाच्या क्रँककेसमधील (मुख्य दांडा फिरतो त्या कप्प्यातील) तेलकट वाफ, ती बाहेर काढणाऱ्या पीसीव्हीच्या नळीतून, इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, परत येते आणि वर्षानुवर्षे थ्रॉटलच्या झडपेभोवती काळ्या कार्बनचे कडे धरते. आयडलिंगला झडप जवळजवळ मिटलेली असते आणि हवा तिच्या कडेच्या बारीक फटीतून आत जाते. ती फटच कार्बनने भरू लागते. बऱ्याच गाड्यांतील ईसीएम हे ओळखून दर काही दिवसांनी झडप थोडी अधिक उघडी ठेवायला शिकतो, त्यामुळे चालकाला काहीच जाणवत नाही. बॅटरी काढली की ही शिकलेली मापे अनेक गाड्यांत पुसली जातात. ईसीएम नव्या, स्वच्छ थ्रॉटल बॉडीच्या हिशेबाने झडप मिटवतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणजे दोष नव्या बॅटरीने आणलेला नाही. तो बरीच वर्षे साचत होता, बॅटरी बदलताना उघडा पडला एवढेच. एसीमुळे त्रास वाढतो, कारण कॉम्प्रेसरचे ओझे पेलायला आयडलिंगला जास्त हवा लागते आणि तीच कमी पडते.

उपाय कमी खर्चाचा आहे, पण तो हलक्या हाताने करायला हवा. एअर फिल्टरपासून येणारी जाड नळी सोडवून टॉर्चच्या उजेडात झडपेची कड पाहावी. काळे कडे दिसल्यास थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ कापडावर मारून पुसावे. फवारा थेट आत मारल्यास तो मोटर आणि सेन्सरपर्यंत जाण्याची भीती असते. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश मुळीच वापरू नये. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर चावी चालू असताना झडपेला बोट लावू नये; मोटर अचानक फिरून बोट चिरडू शकते आणि आतील दातेही तुटू शकतात. आपल्या गाडीत थ्रॉटलला केबल असेल, तर आयडलिंगची हवा सांभाळणारा वेगळा व्हॉल्व्ह शेजारीच बसवलेला असतो. त्याचे तोंडही साफ करून घ्यावे.

साफसफाईनंतर आयडलिंग नव्याने शिकवावे लागते, आणि अनेक गॅरेजमध्ये हाच भाग राहून जातो. मग गाडी आधी बंद पडत होती ती आता १५०० आरपीएमवर ओरडू लागते आणि मालक आणखी घाबरतो. काही गाड्यांना स्कॅनरमधून (ईसीएमला जोडायच्या तपासणी यंत्रातून) आज्ञा द्यावी लागते. काहींना एसी, दिवे, पंखा सर्व बंद ठेवून रेडिएटरचा फॅन एक-दोनदा फिरेपर्यंत आयडलिंगला चालू ठेवणे पुरते. आपल्या गाडीची पद्धत तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

एवढे करूनही इंजिन टिकले नाही, तर इनटेकमध्ये चोरून शिरणाऱ्या हवेचा शोध घ्यावा. इथे एक बारकावा आहे आणि तो लक्षात न घेतल्यामुळे अनुभवी फिटरही फसतात. ज्या गाड्यांत आत जाणाऱ्या हवेचे वजन मोजणारा मॅफ सेन्सर असतो, त्यांत फुटक्या नळीतून आलेली हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल कमी पडते आणि इंजिन थरथरून बंद पडते. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत मात्र मॅफ नसून इनटेकमधील दाब पाहणारा मॅप सेन्सर असतो. चोरटी हवा आली की तिथे दाब वाढतो, ईसीएम तेवढे पेट्रोलही वाढवतो आणि इंजिन बंद पडण्याऐवजी आयडलिंग चढते किंवा वरखाली होत राहते. त्यामुळे कुठेतरी हवा घेत असेल असे सरसकट म्हणण्याआधी आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते पाहावे.

भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची पद्धत) लागू झाल्यामुळे आपल्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असायला हवे. तिथे साधा ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएमने पेट्रोल किती टक्के वाढवले किंवा घटवले आहे तो आकडा, पाहता येतो. मॅफच्या गाडीत आयडलिंगला हा आकडा +२० ते +२५ टक्के असेल आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर नळी फुटली आहे असे समजावे. रेस वाढेल तसा आकडाही वाढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा कमी आहे किंवा मॅफ घाण होऊन हवा कमी दाखवतो आहे. हा आकडा न पाहता पंप बदलणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे झाले. गॅरेजवाल्यांवर मी सरसकट ठपका ठेवणार नाही, कारण ग्राहकही पुष्कळदा तासभर तपासणीचे पैसे द्यायला तयार नसतो आणि बदललेल्या भागाचे मात्र निमूटपणे देतो.

प्रश्न : आम्ही नाशिकहून महिन्यातून दोनदा मुंबईला जातो. परतताना कसारा घाट चढून वर आलो की गाडी अचानक बंद पडते. धक्का नाही, थरथर नाही. चावी फिरवून बंद करावी तशी बंद होते. अर्धा तास थांबले की एका सेल्फमध्ये सुरू होते आणि घरापर्यंत नीट येते. घरी आल्यावर स्कॅनर लावला तर दोषाचा एकही कोड मिळत नाही. ओळखीचे एक जुने चालक म्हणतात की उष्णतेने पेट्रोलची वाफ धरते, पंपावर ओले फडके ठेवा. पंप तर टाकीत आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या चालकांचा सल्ला त्यांच्या काळापुरता बरोबर होता. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या दिवसांत पेट्रोल पंप इंजिनालाच लावलेला असे, तो पेट्रोल ओढत असे, आणि घाटात तापला की नळीतच वाफ होऊन पुरवठा तुटे. ओल्या फडक्याने तो थंड होई. आजचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि इंजेक्टरपर्यंतच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागापर्यंतच्या) नळीत साधारण तीन ते चार बार दाब ठेवतो. या दाबाखाली पेट्रोलची वाफ होणे दुर्मीळ आहे.

चावी फिरवल्यासारखे बंद होणे, थंड झाल्यावर काहीच न झाल्यासारखे सुरू होणे आणि कोड न मिळणे ही लक्षणे एकत्र आली की माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर असतो. क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) कुठे आहे आणि किती वेगाने फिरते आहे हे ईसीएमला याच्याकडून कळते. हा संकेत तुटला की ईसीएम इंजिन थांबले असे समजून ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम थांबवतो. सेन्सरच्या आतील बारीक तारेचे वेटोळे किंवा सांधा तापल्यावर सुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. इंजिन फिरायचे थांबलेले असल्यामुळे, संकेत नाहीसा झाला हा दोष होता की चालकानेच गाडी बंद केली होती, हे काही ईसीएमना ठरवता येत नाही आणि म्हणून कोड नोंदला जात नाही. कोड मिळालाच तर तो बहुधा पी ०३३५ असतो.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की ती सुरक्षित जागी उभी करून, थंड होण्याआधी, दोन गोष्टी पाहाव्यात. चावी ऑन करून कान द्यावा. मागच्या सीटखालून पंपाची सुमारे दोन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती आली नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज संशयित ठरतात. गुणगुण येत असेल तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. बऱ्याच गाड्यांत सेल्फवरही काटा थोडा, दोनशे-अडीचशेपर्यंत, उचलतो. तो शून्यावरच मेल्यासारखा राहिला तर क्रँक सेन्सरविरुद्ध भक्कम पुरावा मिळाला. मोबाइलवर ओबीडी अ‍ॅप असेल तर तोच आकडा तिथे अधिक स्पष्ट दिसतो.

सेन्सर थंड असताना मीटर लावून तो चांगला असल्याचा निर्वाळा देणे निरर्थक आहे. दोन तारांचा चुंबकी सेन्सर असल्यास तो हेअर ड्रायरने तापवून, मग त्याचा रोध मोजावा. गरम होताच आकडा अनंत झाला तर दोष पकडला गेला. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून काहीच कळत नाही, त्याचा सिग्नलच पाहावा लागतो. नवा सेन्सर घालण्याआधी त्याच्या कनेक्टरमध्ये तेल किंवा हिरवट गंज नाही ना, आणि वायरिंग सायलेन्सरच्या नळीला टेकलेले नाही ना, हे पाहून घ्यावे.

एक सूचना मात्र आजच पाळावी. निदान होईपर्यंत या गाडीने घाटात किंवा द्रुतगती मार्गावर जाऊ नये. इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकच्या बूस्टरमधील निर्वात साठा एक-दोन दाबांतच संपतो; त्यानंतर ब्रेक लागतो, पण पायाचा सगळा जोर लावावा लागतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा ब्रेक न मारता एकदाच दाबून धरावा, आणि चाल पूर्ण थांबेपर्यंत चावी लॉकवर नेऊ नये.

प्रश्न : माझी गाडी एरवी कधीच बंद पडत नाही. फक्त पेट्रोल भरून पंपावरून निघताना ती उशिरा लागते, धडधडते आणि दोन-तीन वेळा बंद पडते. मी नेहमी टाकी फुल करतो. पेट्रोलमध्ये भेसळ असावी का? वेगवेगळ्या पेट्रोल पंपांवर भरून पाहिले, तरी तेच. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नळीतील आणि रेलमधील (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीतील) जुने पेट्रोल संपायच्या आत गाडी अडखळते, म्हणजे नव्या पेट्रोलला दोष देता येत नाही. टाकीतील वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये, साठवली जाते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून थोडी थोडी इनटेकमध्ये सोडून जाळली जाते. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर टाकी भरताना उसळलेली सगळी वाफ इंजिन सुरू करताच आत जाते आणि मिश्रण नको तेवढे दाट होते. इंजिन आयडलिंगला असताना व्हॉल्व्हपासून कॅनिस्टरकडे जाणारी नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट धरावे. थंड इंजिनावर तिथे ओढ जाणवता कामा नये. जाणवली तर व्हॉल्व्ह बदलावा.

यामागे आपली एक सवयही असू शकते. नोझल ऑटो कट झाल्यावर रक्कम राउंड फिगर करण्यासाठी आणखी दोन-तीनदा पेट्रोल ओतायला लावले जाते. ते जादा पेट्रोल वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये उतरते, कोळसा भिजतो आणि नवा व्हॉल्व्हही फार दिवस टिकत नाही.

प्रश्न : आमची गाडी रत्नागिरीजवळ गावच्या घरी असते. यंदा जूनपासून गणपतीपर्यंत ती उभीच होती. आता सुरू होते, अर्धा मिनिट चालते, खोकल्यासारखा आवाज करते आणि बंद पडते. टाकीत पाव टाकी पेट्रोल होते. बॅटरी चार्ज करून घेतली आहे. — एक वाचक, मुंबई

उत्तर : पाव टाकी पेट्रोल, कोकणातला पावसाळा आणि तीन महिने, या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असते आणि इथेनॉल पाणी शोषते. रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त असते. पाणी मर्यादेपलीकडे गेले, आणि त्यासाठी टाकीच्या झाकणातून थोडे पावसाचे पाणी शिरले तरी पुरते, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होते आणि तळाशी बसते. पंपही नेमका तळाचेच ओढतो. नळीतील जुने चांगले पेट्रोल जळेपर्यंत इंजिन चालते, मग हे मिश्रण पोहोचते आणि ते खोकते. आपला अर्धा मिनिट याच्याशी जुळतो.

सेल्फ मारत राहू नये. मेकॅनिककडून टाकीच्या तळाचे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून, फिल्टर बदलून, नवे पेट्रोल भरावे. वरून ताजे पेट्रोल ओतून पातळ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण तळाचा थर त्याने सहज विरघळत नाही.

बाटलीत थर दिसला नाही तर बॉनेट उघडून उंदराच्या खुणा शोधाव्यात. गावी उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर ऊब शोधत बसतात आणि इंजेक्टरचे वायरिंग, निर्वाताच्या बारीक नळ्या आणि बॉनेटखालचा फेल्ट कुरतडतात. माझ्या स्वतःच्या गाडीत सेन्सरची एक वायर त्यांनी अशी सोलली होती की तारा एकमेकींना कधी लागत, कधी नाही, आणि मी दोन रविवार फिल्टर बदलण्यात घालवले.

प्रश्न : गाडी सुरू होते आणि मोजून दोन सेकंदांत बंद पडते. कितीही वेळा केले तरी दोनच सेकंद. रेस देऊनही टिकत नाही. मीटरवर चावीचे चित्र लुकलुकते. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ते चित्रच उत्तर आहे. इमोबिलायझरने, म्हणजे गाडीची चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावीतील चिप ओळखलेली नाही. काही गाड्यांत अशा वेळी सेल्फच लागत नाही. काहींत, आपल्याप्रमाणे, इंजिन क्षणभर सुरू होऊ दिले जाते आणि मग पेट्रोल तोडले जाते. कोणताही यांत्रिक दोष इतक्या घड्याळी नियमाने वागत नाही. जुडग्यातील इतर चाव्या आणि रिमोट बाजूला काढून पाहावे, कारण दुसऱ्या चिपमुळेही गोंधळ होतो. नंतर घरातील दुसरी चावी लावावी. तिने गाडी टिकली तर पहिल्या चावीची चिप गेली आहे किंवा चावी पडून आतून निसटली आहे. दोन्ही चाव्यांनी तेच घडले तर चावीच्या खोबणीभोवतीची अँटेना कॉइल आणि तिचा कनेक्टर तपासून घ्यावा. चिप असलेल्या चाव्यांना बहुधा वेगळी बॅटरी लागत नाही, त्यामुळे रिमोटचा सेल बदलून हा दोष जाईल असे समजू नये. मात्र आपली गाडी बटणाने सुरू होणारी असेल, तर सुरुवात त्या सेलपासूनच करावी.